पोटात गोळा आणणारी मैदानं

माझी सगळी नोकरी पोटात येणाऱ्या गोळ्यावर झाली. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटते, पण कलकत्त्याच्या ज्या प्रवासी कंपनीत मी उमेदीची वर्षं काढली, तिथे माझी खरी किंमत तेवढीच होती. मी जन्माचा भित्रा. उंचावरून खाली बघवत नाही, खोल पाणी दिसलं की पाठ करून उभा राहतो, ट्राम वळणावर जरा कलली की शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरतो. अशा माणसाला कंपनीने काम दिलं होतं ते सुट्टीवर जाणाऱ्या साहेबलोकांसाठी गोल्फची अवघड मैदानं निवडण्याचं.

त्यातून आम्ही राहायला बागबाजारला. मराठ्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने या शहराने एकेकाळी खंदक खणला, तो तिथूनच सुरू व्हायचा. बंगाली आया मराठा घोडेस्वाराला बर्गी म्हणतात आणि त्याचं नाव घेऊन पोरांना झोपवतात. मी कचेरीतून परतलो की गल्लीतले म्हातारे ओट्यावरून ओरडायचे, "बर्गी एशेछे, दोर बंधो कॉरो!" बर्गी आला, दार लावा, असं. मी हसून घ्यायचो. घरात पाल दिसली तर हाच बर्गी खुर्चीवर चढतो, हे त्यांना माहीत नव्हतं एवढंच.

ज्यांनी गोल्फ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार शब्द सांगतो. लांबरुंद, उंचसखल माळावर अंतराअंतराने भोकं खणलेली असतात. प्रत्येकाजवळ एक निशाण. वाकड्या डोक्याच्या काठीने लहानसा चेंडू मारत मारत त्या भोकात घालायचा. कमीत कमी फटक्यांत घालेल तो जिंकला. काठ्यांची पिशवी वाहायला आणि हरवलेला चेंडू शोधायला एक माणूस बरोबर असतो, त्याला कॅडी म्हणतात. एवढंच असतं तर माणसं कंटाळली असती, म्हणून मध्ये वाळूचे खड्डे, नाले, झाडी, दऱ्या ठेवतात. या अडथळ्यांवर मैदानाची अवघडाई ठरते आणि त्या अवघडाईवर आमचा धंदा चालायचा.

मी स्वतः कधी काठी हातात धरली नाही. पावसाळा संपल्यापासून उन्हाळा लागेपर्यंत कंपनी मला गावोगावी पाठवी. मी छत्री घेऊन नवं मैदान पहिल्या भोकापासून शेवटच्यापर्यंत पायी चालायचो आणि जिथे माझ्या पोटात गोळा येईल ती जागा ध्यानात ठेवायचो. परत आलो की आमचे वयस्कर स्कॉच साहेब, ज्यांना सगळी कचेरी नुसतं बडेसाहेब म्हणे, ते विचारायचे, "किती वेळा?" शेजारच्या टेबलावरचे भूपेनबाबू माझ्याआधी तोंड उघडायचे, "की मोशाय, कॉटा गोला?" मग आमच्यात तीच भाषा रूढ झाली. हे दोन गोळ्यांचं मैदान, ते चार गोळ्यांचं. गिऱ्हाइकांना अर्थात यातलं काही सांगत नसू. त्यांच्या कागदावर 'कसोटी पाहणारं' असं छापलेलं असे.

गिऱ्हाईक समोर बसलं की पहिलं वाक्य ठरलेलं, तुमच्याकडचं सगळ्यात अवघड मैदान द्या. या वाक्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मला एका ज्यूट गिरणीच्या साहेबाने शिकवलं. मी त्याला खरोखरच सगळ्यात अवघड ठिकाणी पाठवलं. आठ दिवसांनी तो लालबुंद होऊन आला आणि म्हणाला, बरोबर नेलेला एकही चेंडू परत आला नाही, हे मैदान आहे की दरोडेखोर? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माणसाला अवघड दिसणारं मैदान हवं असतं. दरी बघून छाती दडपली पाहिजे, पण चेंडू मात्र पलीकडे पोहोचला पाहिजे. घरी परतल्यावर सांगण्यासारखी भीती हवी असते, खरी नको असते.

बालीगंजचे एक बॅरिस्टर होते. त्यांनी दरी नको, नाला नको म्हटलं आणि आवाज उतरवून विचारलं, "भूत आछे, एमोन कोनो कोर्स?" त्यांना भुताचं मैदान हवं होतं. शेवटी जुन्या गोऱ्यांच्या दफनभूमीला लागून असलेलं एक मैदान आठवलं. बॅरिस्टर तिथून अतिशय खूश होऊन परतले. चेंडू भिंतीपलीकडच्या एका थडग्यावर जाऊन बसला, म्हणे. त्यांनी टोपी काढून थडग्याला नमस्कार केला आणि चेंडू तिथेच ठेवून आले. पुढच्या दुर्गापूजेच्या सुट्टीला त्याच जागेची मागणी.

पूजेची सुट्टी म्हणजे आमचे सुगीचे दिवस. सगळं कलकत्ता बॅगा भरून बाहेर पडतं. स्वातंत्र्यानंतर जुने साहेब एकेक करून मायदेशी जाऊ लागले आणि त्यांच्या खुर्च्यांवर आपले लोक आले. खुर्चीबरोबर गोल्फही आला. ज्या खात्याचा वरिष्ठ शनिवारी गोल्फ खेळतो, त्या खात्यातल्या हाताखालच्यांना एकाएकी या खेळाची आवड उत्पन्न होते, हे मी जवळून पाहिलं आहे.

रेगेसाहेब त्यांच्यातलेच. केंद्र सरकारच्या मोठ्या हुद्द्यावर मुंबईहून बदलून आलेले, चाळिशीचे, ताठ, मोजकं बोलणारे. आमच्या कचेरीत आले आणि माझ्या टेबलावरची आपटे ही पाटी वाचून इंग्रजी सोडून मराठीत म्हणाले, "तुम्ही आपले दिसता. मग खरं सांगा. मला असं ठिकाण हवंय की तिथे खेळून आल्यावर इथलं मैदान अंगण वाटलं पाहिजे. आमच्या साहेबांसमोर दर शनिवारी माझे हात कापतात."

हे शेवटचं वाक्य ते बोलले आणि मला ते आवडून गेले. भिणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. फक्त माझी भीती चारचौघांत दिसते आणि त्यांची कडक इस्त्रीच्या आत असायची.

मी त्यांना डोंगरातलं एक नवं ठिकाण सुचवलं. नाव सांगत नाही, कारण नंतर ते चांगल्या माणसांच्या हातात गेलं. चहाच्या मळेवाल्यांनी आपल्या करमणुकीसाठी डोंगराच्या सोंडेवर नऊ भोकांचं मैदान आखलं होतं. ते निघून गेल्यावर त्यांच्या बंगल्याचं हॉटेल झालं. मी ते माघाच्या कोरड्या थंडीत चालून आलो होतो. चार गोळ्यांचं होतं. त्यातला मोठा गोळा सहाव्या भोकाजवळचा. तिथे डोंगराची कड आत वळते, डाव्या हाताला खाली नदी दिसते आणि चेंडू त्या वळणावरून पलीकडच्या निशाणाकडे मारायचा असतो. जमीन मात्र पक्की होती. मी स्वतः कडेपासून लांबून चालत गेलो होतो, तरी पायाखाली खडक लागत होता.

त्या पूजेला रेगेसाहेब, त्यांची पत्नी अशी आमची पहिलीच मंडळी तिथे जात होती, म्हणून बडेसाहेबांनी व्यवस्था बघायला मलाही बरोबर धाडलं. सियालदहला गाडीत बसलो. सीमेपलीकडून आलेली निर्वासित कुटुंबं तेव्हा त्या फलाटांवरच संसार मांडून होती. चुली, पोरं, दोरीवर वाळणारी धोतरं, आणि त्यांच्यामधून आमचे हमाल डोक्यावर गोल्फच्या पिशव्या घेऊन 'शोरून, शोरून', सरका, सरका, करत चाललेले. एका म्हातारीने मला विचारलं, "एगुलो की, बाबा?" मी म्हणालो, काठ्या. तिने पोरांना जवळ ओढून घेतलं. काठ्या म्हटल्यावर तिला काय आठवलं असेल ते ओळखायला वेळ लागला नाही, आणि मी मान खाली घालून डब्यात चढलो.

आता ज्यासाठी हे सगळं सांगतोय त्या गोष्टीकडे येतो.

हॉटेलात पोहोचल्यावर मॅनेजरने मला बाजूला घेऊन सांगितलं की यंदाच्या पावसात सहाव्या भोकाजवळ डोंगर खचला आहे. मैदानाच्या मध्यापर्यंत घळ पडली आहे, म्हणून अलीकडे दोर लावून त्याला चिंध्या बांधल्या आहेत. दोराच्या पुढे कोणी जायचं नाही. मी ताबडतोब जागा बघायला निघालो. दोरापासून बऱ्याच अलीकडे माझे पाय थांबले. दोराच्या पलीकडे थोडं हिरवं गवत दिसत होतं, आणि त्याच्यापुढे काहीच नव्हतं. पलीकडची बाजू आणि तिथलं निशाण हवेत ठेवल्यासारखं दिसत होतं. मी परत येऊन सगळ्यांना बजावलं की उद्या सहावं भोक वगळून खेळायचं. रेगेसाहेबांनी मान हलवली. पण गोल्फच्या पुस्तकातल्या नियमासारखंच त्यांनी ते ऐकलं असावं. त्या खेळात मनाईचे दोर पुष्कळ असतात आणि चेंडू त्यांच्यापलीकडे गेला तर कधीकधी आत जाऊन मारायची मुभा असते.

सकाळी ऊन होतं. रेगेसाहेब एकटेच कॅडीला घेऊन लवकर बाहेर पडले. कॅडी होता बलबीर नावाचा, पन्नाशीचा, डोंगरातलाच. मळेवाल्यांच्या काळापासून तो हेच काम करत होता. मी व्हरांड्यात रेगेवहिनींबरोबर चहा घेत बसलो होतो. त्या मुंबईच्या गिरगावातल्या, बोलक्या. हे हल्ली झोपेतसुद्धा फटके मोजतात असं त्या सांगत होत्या. बोलता बोलता त्यांनी शाल ओढून घेतली. खालच्या दरीतून धुकं वर येत होतं. बघता बघता समोरची फुलझाडं गेली, मग कठडा गेला, मग माझ्या हातातला कप तेवढा राहिला.

त्या धुक्यातून बलबीर आला. एकटा. हातात टोपी, खांद्यावर पिशवी नाही.

"साहब कहाँ है?" मी उठलोच.

"साहब उधर है," तो रागाने म्हणाला. "हम नहीं जाएगा. हमको धोखेबाज बोला. हमारा बाप भी इधर कैडी था. आज तक कोई नहीं बोला."

कॅडीवर असा आळ नेहमी येतो. साहेबांचा चेंडू पायाने हळूच चांगल्या जागी सरकवतात, बक्षिशीसाठी लबाडी करतात, वगैरे. मला वाटलं, तसलंच काही झालं असेल. पण रेगेसाहेब असं बोलणारे नव्हते.

"नक्की काय बोलले साहेब?" मी हिंदीत विचारलं.

"बार-बार पूछा. 'उधर धोका है? सच बोलो, धोका है कि नहीं?' हम बोला, नहीं हुज़ूर, कोई धोखा नहीं. फिर पूछा. फिर बोला, नहीं. तीसरी बार पूछा तो हम थैला रखके आ गया."

"कुठे उभं राहून विचारलं?"

"छह नंबर. रस्सी के पास. गेंद उस पार गया था."

मी कप टेबलावर ठेवला. मी कलकत्त्यात जन्मलो, हिंदी बाहेर बोलत वाढलो, म्हणून मला ते दिसलं. मुंबईहून आलेल्या माणसाला दिसलं नसतं. हिंदीत धोखा म्हणजे फसवणूक. आपल्याकडे धोका म्हणजे जिवावरचं संकट. रेगेसाहेब दोराजवळ उभं राहून विचारत होते, पुढे जाण्यात धोका आहे का? आणि बलबीर छातीवर हात ठेवून सांगत होता, नाही हुजूर, मुळीच नाही. मराठी माणसाने पुन्हा पुन्हा विचारलं आणि त्याला नाही असंच उत्तर मिळालं, तर तो काय करील? तो दोर ओलांडून आपला चेंडू आणायला जाईल.

वहिनी माझ्याकडे बघत होत्या. "काय म्हणतोय तो?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काही नाही, साहेबांची पिशवी राहिलीय तिकडे, घेऊन येतो." माझा आवाज मलाच परका वाटला. त्यांनाही वाटला असणार. त्या उठून व्हरांड्याच्या कठड्यापर्यंत आल्या.

मी बलबीरचा हात धरला आणि वाटेत त्याला तो शब्द समजावला. आमच्या बोलीत धोका म्हणजे खतरा. त्याला कळायला क्षणभर लागला. कळल्यावर तो माझ्याआधी पळू लागला.

बंगल्यावरून जवळची वाट सहाव्या भोकाच्या निशाणाकडून होती. म्हणजे आम्ही घळीच्या पलीकडच्या बाजूला पोहोचलो आणि रेगेसाहेब, असलेच तर, अलीकडच्या. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बलबीरने माझ्या छातीवर हात आडवा धरून मला थांबवलं होतं. "बस, हुज़ूर. इससे आगे नहीं." पुढे नुसतं पांढरं होतं. मी निशाणाची काठी दोन्ही हातांनी धरली. खोटं कशाला सांगू, त्या घटकेला रेगेसाहेबांपेक्षा माझ्याच जिवाचं मला जास्त वाटत होतं.

मग समोरून, धुक्याच्या आतून, टक टक असा आवाज आला. कोणीतरी काठीने जमीन चाचपत होतं.

बलबीरने हाक मारायला तोंड उघडलं आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला. का ठेवला हे आधी हाताला कळलं आणि मग मला. धुक्यात हरवलेला माणूस आवाज आला की काय करतो? सरळ आवाजाच्या दिशेने चालू लागतो. आमच्या आणि त्यांच्या मध्ये घळ होती. हाक मारली तर ते आमच्याकडे येणार, आणि नाही मारली तर काठी टेकत टेकत कुठेही जाणार. मला काहीच सुचेना.

आमची चाहूल त्यांना लागली असावी. टकटक थांबली.

"कोण आहे?" ते मराठीत म्हणाले. जिथे आमच्याखेरीज कोणीही मराठी नव्हतं तिथे त्यांनी मराठीत विचारलं. आवाज अगदी जवळून आल्यासारखा वाटला. "आपटे, तुम्ही का? बरं झालं बुवा. थांबा तिथेच, मी आलो."

आणि गवतात पावलं वाजली.

मी ओरडलो. काय ओरडायचं ते ठरवलं नव्हतं. 'साहेब, कृपा करून येऊ नका' असं काहीतरी म्हणायला हवं होतं. पण ते वाक्य फार लांब होतं आणि असं वाक्य ऐकून साहेब 'का?' असं विचारत आणखी दोन पावलं टाकतो. माझ्या तोंडातून जे निघालं ते माझ्या वडिलांचं होतं. लहानपणी मी हुगळीच्या घाटाच्या पायऱ्यांवर पाण्याजवळ गेलो की ते याच आवाजात ओरडायचे.

"खाली बस! अरे बस म्हणतो ना! एक पाऊल पुढे टाकलंस तर तंगडं मोडून ठेवीन!"

पावलं थांबली. मग धप्प असा आवाज आला. केंद्र सरकारचा तो मोठा अधिकारी ओल्या गवतात खाली बसला होता. बसताना त्यांच्या पायाने एखादा दगड सुटला असावा. तो गडगडला, मग काहीच ऐकू आलं नाही. बराच वेळ काहीच नाही. आणि मग फार खालून एक बारीक आवाज आला.

तो आम्ही तिघांनीही ऐकला.

"आपटे," रेगेसाहेब म्हणाले. आवाज आता लहान झाला होता. "पुढे काय आहे?"

"काही नाही. गप बस. हलू नकोस."

बलबीर दोर आणि हॉटेलच्या माळ्याला घेऊन मागच्या वाटेने, लांबचा वळसा घालून त्यांच्या पाठीमागे जायला धावला. मी एकटा राहिलो. त्याला यायला किती वेळ लागेल याचा अंदाज नव्हता आणि तेवढा वेळ रेगेसाहेबांना बसतं ठेवायचं होतं. मला एक गोष्ट उमगली होती. ते माझं ऐकत होते ते मी 'तू' म्हणालो म्हणून. आता 'तुम्ही' म्हटलं की ते पुन्हा साहेब होणार, मी पुन्हा तिकिटं काढून देणारा माणूस होणार आणि ते उठून उभे राहणार. तेव्हा मी 'तू' सोडलं नाही.

"पाढे येतात का तुला?" मी विचारलं.

"काय?"

"पाढे! एकोणतीसचा म्हण. मोठ्याने म्हण. थांबलास तर बघ."

आणि ते म्हणू लागले. धुक्यातून तो आवाज येत होता तोवर माणूस जागेवर आहे हे मला कळत होतं. ते सातच्या पुढे अडखळले. मी दरडावलं, "पुन्हा पहिल्यापासून!" ते बरोबर म्हणत होते की चूक, देव जाणे. मी बंगाली शाळेत शिकलेला, मला मराठी पाढे कुठले यायला? एकदा ते मध्येच थांबले आणि हुंदका आल्यासारखं काहीतरी झालं. मी म्हणालो, "रडतोस काय? तिसाचा म्हण, सोपा आहे." मी स्वतः निशाणाला मिठी मारून रडत होतो. धुक्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

तिसाचा पाढा अर्धवट तुटला. मग बलबीरचा आवाज आला, "पकड़ लिया, हुज़ूर! पकड़ लिया!"

धुकं दुपारी निघालं. रेगेसाहेबांनी हट्टाने ती जागा बंगल्याच्या गच्चीवरून दुर्बिणीने पाहिली. त्यांचं बसणं गवतावर उमटलेलं होतं. त्याच्या पुढे वीतभर गवत आणि मग मोकळी हवा. त्यांनी दुर्बीण खाली ठेवली, कठडा धरून उभे राहिले आणि थोड्या वेळाने आत जाऊन ओकले. वहिनींनी मला एकच विचारलं, "भाऊजी, मघाशी ह्यांना कोण ओरडत होतं? इथपर्यंत ऐकू येत होतं." त्याआधी त्या मला आपटे म्हणत असत.

परतीच्या वाटेवर गंगा ओलांडणाऱ्या स्टीमरवर रेगेसाहेब माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. पाण्याकडे बघत म्हणाले, "आपटे, त्या दिवशी तुम्ही मला अरे-तुरे केलंत."

"साहेब, त्या वेळी..."

"हो, हो," असं म्हणून ते केबिनमध्ये निघून गेले.

झालं! माझी पाचावर धारण बसली. सरकारी माणूस, वरपर्यंत ओळखी, आणि मी त्याचं तंगडं मोडायची भाषा केलेली. आज कचेरीत तक्रार येईल, उद्या येईल, असं करत मी कितीतरी महिने काढले. बडेसाहेबांनी बोलावलं की मी आधी टेबल आवरून ठेवायचो. भूपेनबाबूंनी त्या मैदानाबद्दल विचारलं, "कॉटा गोला?" आणि मी खुर्ची मागे सारून उठलो. बडेसाहेबांना सांगून ते ठिकाण आमच्या कागदांवरून काढून टाकलं. त्यानंतर मी कुठलंही मैदान पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं दोनदा चालल्याखेरीज कोणाला सुचवलं नाही. लोक म्हणायचे, आपटे आता फारच घाबरट झालाय. झालोच होतो.

रेगेसाहेब पुन्हा आमच्या कचेरीत आले नाहीत. रस्त्यात एकदोनदा मोटारीतून जाताना दिसले. मी छत्री तोंडावर घेतली. मग एके दिवशी त्यांचा चपराशी निरोप घेऊन आला. साहेबांची दिल्लीला बदली झाली आहे, संध्याकाळी हावड्याला या.

मी गेलो. न जाण्याचीही भीती वाटली म्हणून गेलो. फलाटावर हारतुरे, खात्यातली माणसं, फोटोवाला, सगळा थाट होता. रेगेसाहेब गर्दीतून बाहेर आले आणि मला डब्याच्या दारापाशी घेऊन गेले. वहिनी आत खिडकीशी होत्या.

"आपटे, मी घरातला थोरला," ते म्हणाले. इस्त्री तशीच कडक होती, पण आवाज तो धुक्यातला होता. "धाकटे सगळे मला दादा म्हणतात आणि तुम्ही म्हणतात. ही अहो म्हणते. कचेरीत सर. आई गेल्याला बारा वर्षं झाली. मला तू म्हणणारं कोणी उरलेलं नाही. त्या दिवशी मी उठणार होतो. खरंच उठणार होतो. पण तुम्ही अरे म्हणालात, आणि माझे पायच गेले."

इतके महिने मी जिला तक्रार समजत होतो, ती ही गोष्ट होती.

"जायच्या आधी एकदा म्हणा."

मी तोंड उघडलं. समोर हार घातलेला अधिकारी, मागे त्यांच्या खात्याची रांग. 'तू' काही केल्या जिभेवर येईना. "साहेब, कसं म्हणू?" एवढंच मी पुटपुटलो. ते हसले, माझा खांदा दाबला आणि दारात चढले. शिट्टी झाली, गाडी हलली. ते आत गेले नाहीत. एका हाताने दांडी धरून, अर्धे बाहेर वाकून, माझ्याकडेच बघत उभे राहिले. गाडीने वेग घेतला, पुढे फलाटाचा शेवट आणि सिग्नलचा खांब, डबा सांध्यावरून हिसका खाऊन गेला, आणि त्यांचा पाय पायरीवरून घसरल्यासारखा मला दिसला.

"अरे, आत हो!" मी सगळ्या हावड्याला ऐकू जाईल असा ओरडलो. "पडशील ना! आत हो आधी!"

खात्यातली माणसं वळून माझ्याकडे बघू लागली. आणि पुढे जाणाऱ्या त्या दारातून रेगेसाहेब, शहाण्या मुलासारखे, आत गेले.